विहिरीची पाणीपातळी मोजून सरकारी भूजल-नोंदींशी ताडून पाहण्याची रीत

जुलै महिन्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट किती इंच आहे, हे कोल्हापुरात पानपट्टीवर उभा असलेला माणूसही बिनचूक सांगतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. त्याच माणसाला मे महिन्यात त्याच्या स्वतःच्या विहिरीचे पाणी जमिनीपासून किती खाली आहे असे विचारले, तर उत्तर येते, “आहे की, मोटार दोन तास चालते.” मोटार किती तास चालते यावरून पाण्याचा अंदाज बांधता येतो, परंतु मोटारीची ताकद बदलली, फुटव्हॉल्व्ह खाली सोडला किंवा शेजाऱ्याने नवे बोअर मारले की तो अंदाज निकामी होतो आणि मागच्या वर्षाशी तुलना करायला हाती काहीच उरत नाही.

आपल्याच विहिरीची पातळी वर्षातून ठरलेल्या वेळी मोजणे, ती नीट लिहून ठेवणे आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने आपल्या परिसरातील निरीक्षण विहिरीत, म्हणजे पातळी नियमित मोजण्यासाठी ठरवलेल्या विहिरीत, घेतलेल्या नोंदींशी ती ताडून पाहणे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे. त्यासाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. टेप, वही, खडू आणि चार-पाच वर्षे टिकणारा चिवटपणा लागतो, आणि त्यातली शेवटची वस्तू सर्वांत दुर्मिळ आहे.

आधी खडक ओळखावा

पातळीचा आकडा हा खडकाच्या संदर्भातच वाचायचा असतो, म्हणून मोजमापापूर्वी आपली विहीर कशात खोदली आहे ते माहीत करून घ्यावे. कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या खडकाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराच्या माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला आणि आतला भाग घट्ट झाला. विहीर खोदणारे जुने लोक ज्याला मांजऱ्या म्हणतात तो बहुधा हा सच्छिद्र, झिजलेला, पांढऱ्या खनिजांचे ठिपके असलेला खडक असतो आणि ज्याला नुसता पाषाण म्हणतात तो घट्ट भाग असतो. पाणी मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत साठते. अखंड पाषाणात ते जवळपास साठतच नाही. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी गेरूसारखा तांबडा चिकण पट्टा लागतो आणि तो पाण्याला खाली जाण्यास अटकाव करतो. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बोअरपैकी एकाला भरपूर पाणी लागते आणि दुसरे कोरडे जाते, यात नशिबाचा भाग लोक समजतात त्याहून पुष्कळच कमी असतो.

पश्चिमेकडे चढत गेले की चित्र बदलते. पन्हाळा, मसाई पठार आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचे कितीतरी सडे, म्हणजे सपाट खडकाळ माळ, यांवर जांभ्याचे, म्हणजे तांबड्या लॅटराइट खडकाचे, टोपण आहे. जांभा भोकाभोकांचा असल्याने पावसाळ्यात तो पाणी भराभर पितो आणि तितक्याच भराभर कड्यांच्या अंगाने झऱ्यांवाटे सोडून देतो. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर शिरोळकडे पोहोचेपर्यंत तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. आणि तरीही उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण करणाऱ्या वाड्या गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड याच पट्ट्यात भेटतात. पाऊस किती पडला यापेक्षा खडकाने किती धरून ठेवले हे महत्त्वाचे, आणि ते कळण्याचे साधन विहीर हेच आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या दक्षिणेकडच्या भागात काही ठिकाणी बेसॉल्टहूनही जुने, कलादगी गटातले वालुकाश्म उघडे पडलेले आहेत. शिरोळच्या नदीकाठी खोल काळी गाळाची जमीन आहे. तिचा प्रश्न निराळा असल्याने तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

आपल्या गावाचा खडक पाहायचा असेल तर १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ‘भूकोश’ हे संकेतस्थळ उघडावे. तेथे १:५०,००० प्रमाणाचे भूवैज्ञानिक नकाशे पाहता येतात. स्थलदर्शक नकाशांच्या क्रमांकांत कोल्हापूर शहर ४७ एल या चौकोनात येते आणि गगनबावडा त्याच्या पश्चिमेच्या ४७ एच मध्ये, हे लक्षात ठेवले की शोध सोपा जातो. तरीही माझ्या मते सर्वांत उत्तम भूवैज्ञानिक नोंद गावातच असते: विहीर खोदताना कोणत्या फुटावर काळी माती संपली, मुरूम कुठे लागला, सुरुंग कुठून लावावे लागले आणि पाण्याची धार कोणत्या अंगाने फुटली, हे सांगणारा वयस्कर माणूस हयात असेतोवर ते लिहून घ्यावे. जुनी माणसे खोली परसात सांगतील. परस हे माणसागणिक आणि गावागणिक थोडे बदलणारे माप आहे, म्हणून सांगितलेला आकडा टेपने एकदा पडताळूनच मीटरमध्ये लिहावा.

विहीर निवडणे आणि खूण करणे

निरीक्षणासाठी उघडी, बांधीव आणि शक्यतो कमी उपसा असलेली विहीर निवडावी. नदीच्या किंवा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या अगदी काठावरची विहीर टाळावी. पावसाळा सरला की बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात आणि त्या विहिरीचे पाणी पुढे नदीबरोबर वरखाली होते. अशी विहीर मोजली तर आपण भूजल न मोजता बंधारा मोजत राहतो. नदीवरून उपसा योजनेचे पाणी ज्या शेताला येते, त्या शेतातल्या विहिरीतही पाझराचे पाणी मिसळलेले असते. ती निवडायचीच झाली तर तसा शेरा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

बोअर आणि आडाची विहीर यांची पातळी एकाच रकान्यात कधीही लिहू नये. बोअर खोलवरच्या भेगांतले पाणी दाखवते, विहीर वरच्या झिजलेल्या थरातले. दोन्ही पातळ्या वेगळ्या असू शकतात आणि वेगवेगळ्या वेगाने हलतात.

विहिरीच्या कठड्यावर एक जागा ठरवून तेथे तैलरंगाने आडवी रेघ ओढावी. प्रत्येक वेळी टेप त्याच रेघेवरून सोडायचा. ही रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते एकदा काळजीपूर्वक मोजून लिहून ठेवावे, कारण सरकारी नोंदी जमिनीपासूनच्या खोलीत असतात आणि आपण मोजतो ती कठड्यापासूनची. कठड्याचे ८५ सेंटिमीटर वजा करायचे राहिले, तर आपली विहीर कागदावर उगाचच कोरडी पडत चाललेली दिसते. कठड्याची दुरुस्ती झाली, त्यावर नवा थर चढला, तर हे अंतर पुन्हा मोजावे. विहिरीचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घेतलेले चालतात. समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र मोबाइलवरून घेऊ नये, त्यात काही मीटरची चूक सहज होते.

प्रत्यक्ष मोजणी

पोलादी किंवा फायबरचा टेप वापरावा. कापडी टेप ताणला जातो आणि भिजला की बदलतो. टेपच्या टोकाला छोटे वजन बांधावे आणि शेवटच्या मीटरभर भागावर खडू घासावा. टेप हळूहळू सोडून वजन पाण्यात थोडे बुडाले की खुणेच्या रेघेवर एक पूर्ण आकडा धरावा, मग टेप वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचावे. समजा, रेघेवर ९.०० मीटर धरले आणि टेपचा ०.३७ मीटर भाग भिजला; तर रेघेपासून पाणी ८.६३ मीटरवर आहे. त्यातून कठड्याचे ०.८५ वजा केले की जमिनीपासूनची खोली ७.७८ मीटर येते, आणि वहीत लिहायचा आकडा हाच. वाचन फुटांत झाले असेल तर त्याला ०.३०४८ ने गुणावे.

पाच-दहा मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजावे. दोन वाचनांत एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर विहीर अजून भरत आहे, म्हणजे नुकताच उपसा झालेला आहे. येथेच बहुतेकांची चूक होते आणि माझीही झाली. पहिले संपूर्ण वर्ष मी संध्याकाळी, मोटार बंद करून घरी जाता जाता मोजत असे. दुसऱ्या वर्षी पहाटे मोजायला लागलो तेव्हा पाणी ‘वाढलेले’ दिसले आणि मी खूश झालो. पाणी वाढले नव्हते, माझी वेळ बदलली होती. ते पहिले वर्ष वहीतून खोडावे लागले. म्हणून मोजणी सकाळी, किमान रात्रभर उपसा बंद असताना करावी. शेतीपंपांना रात्रीच्या पाळीत वीज असेल त्या आठवड्यात हे जमत नाही. अशा वेळी दिवस बदलावा, पण विश्रांतीचा कालावधी कमी करू नये. शेजारची विहीर जवळ असेल तर तिची मोटारही बंद असावी, एवढी विनंती शेजाऱ्याला करणे जड जाऊ नये.

पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर टेप ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊनच आत सोडावा. मोजताना सोबत दुसरा माणूस असावा आणि कोणत्याही कारणाने विहिरीत उतरू नये.

वहीत तारीख, वेळ, खोली, शेवटचा उपसा कधी झाला आणि शेवटचा पाऊस कधी पडला, एवढे रकाने पुरेत. पुराच्या वर्षी विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ती नोंद घ्यावी, पण तिच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे, आणि गाळ काढेपर्यंतच्या नोंदी सरासरीत धरू नयेत.

कधी मोजावे आणि सरकारी नोंदी कुठे मिळतात

राज्याची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. ऑक्टोबरची नोंद पावसाने विहीर किती भरली ते सांगते, मेची नोंद उपशाने ती किती रिकामी झाली ते सांगते, आणि मधल्या दोन नोंदी ही घसरण कोणत्या महिन्यांत झाली ते दाखवतात. आपणही हेच चार महिने पाळावेत, नाहीतर तुलना करता येणार नाही. मेची नोंद महिन्याच्या उत्तरार्धात, पण वळवाचा मोठा पाऊस कोसळण्याआधी घ्यावी. जांभ्याच्या पट्ट्यात मात्र या चार नोंदी अपुऱ्या पडतात. तेथील पाणी ऑक्टोबर ते जानेवारी या काळातच निघून जाते, म्हणून निदान पावसाळ्यानंतरचे पाच महिने दर महिन्याला मोजावे.

राज्यभर यंत्रणेच्या साडेतीन हजारांहून अधिक कायमच्या निरीक्षण विहिरी आहेत. यांखेरीज केंद्रीय भूजल मंडळाच्या स्वतंत्र निरीक्षण विहिरी असतात आणि राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातून काही ठिकाणी स्वयंचलित नोंदयंत्रे बसवलेली आहेत, जी माणसाशिवाय दिवसातून अनेकदा पातळी पाठवतात. केंद्र आणि राज्य यांचे मोजणीचे महिने पूर्णपणे जुळत नाहीत. मंडळ ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्येही मोजते. म्हणून आकडा हाती आला की तो कोणत्या संस्थेचा आणि कोणत्या महिन्याचा आहे हे प्रथम पाहावे.

या नोंदी मिळवण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट गावातली: अनेक ग्रामपंचायतींच्या हद्दीत यंत्रणेने एक निरीक्षण विहीर ठरवलेली आहे आणि तिची पातळी जलसुरक्षक मोजतो, तो कोण हे ग्रामसेवकाला विचारावे. दुसरी वाट ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’ या केंद्राच्या जलसंपदा माहितीच्या संकेतस्थळाची, जेथे राज्य, जिल्हा आणि निरीक्षण केंद्र निवडून पातळीच्या जुन्या नोंदी पाहता येतात. तिसरी वाट यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाची. तेथे वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावे साधा अर्ज करावा. त्यात गावाचे नाव, तालुका, हव्या असलेल्या वर्षांची मर्यादा आणि ‘जमिनीपासून पाण्याची खोली, मीटरमध्ये’ हे शब्द असावेत. ‘आमच्या गावाची भूजलाची सर्व माहिती द्यावी’ अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते. साध्या अर्जाने काम झाले नाही तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. अनुभवाने सांगायचे तर निरीक्षण विहिरीचे नेमके ठिकाण आपण आधीच शोधून अर्जात लिहिले, तर समोरचा माणूसही उत्साहाने बोलू लागतो.

आकडे ताडून पाहणे

पहिल्या वर्षी आपल्या विहिरीच्या खोलीची सरकारी विहिरीच्या खोलीशी थेट तुलना करू नये. एक विहीर उताराच्या माथ्यावर आणि दुसरी ओढ्याकाठी असेल, तर खोलीत पाच मीटरचा फरक असूनही दोघींची स्थिती सारखीच असू शकते. तुलना करावी ती चढउताराची. समजा, ऑक्टोबर ते मे या काळात निरीक्षण विहिरीचे पाणी ४.२ मीटरने उतरले आणि तुमच्या विहिरीचे ६.८ मीटरने. दोन्ही विहिरी एकाच प्रकारच्या खडकात असतील तर वरचे २.६ मीटर बहुधा तुमच्या आसपासच्या उपशाचे आहेत, आणि तेथे पावसाला दोष देता येत नाही. उलट दोन्ही विहिरी सारख्याच उतरल्या असतील तर कारण गावाच्या शिवाराबाहेरही पसरलेले आहे.

पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की दुसरी तुलना शक्य होते. यंत्रणा स्वतः टंचाईचा अंदाज बांधताना त्या वर्षीची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडते. पाऊस सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून कमी आणि ऑक्टोबरची पातळी सरासरीच्या एक मीटरहून अधिक खाली असेल, तर त्या गावांकडे संभाव्य टंचाईची म्हणून पाहिले जाते. तुमच्या विहिरीची ऑक्टोबरची पाच वर्षांची सरासरी २.४० मीटर आणि यंदाची नोंद ३.६५ मीटर असेल, तर १.२५ मीटरची तूट ऑक्टोबरातच दिसते, आणि एप्रिल उजाडण्याआधी पिकाचा निर्णय बदलायला सहा महिने हातात राहतात.

तालुका पातळीवरच्या अहवालांत उपशाची टक्केवारी दिलेली असते: वर्षाला उपसण्याजोग्या भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि १०० च्या वर अतिशोषित. तालुका ‘सुरक्षित’ आहे म्हणजे तुमची वाडी सुरक्षित आहे असा अर्थ कृपया काढू नये. ती सरासरी आहे आणि शाहूवाडीसारख्या तालुक्यात एकाच सरासरीत दरीतली भातशेती आणि सड्यावरची वस्ती दोन्ही बसवलेली असतात.

शिरोळमध्ये हेच आकडे उलटे वाचावे लागतात. उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या जादा पाण्याने तेथील काळ्या जमिनीखालची पातळी वर आली, क्षार पृष्ठभागावर चढले आणि जमिनी क्षारपड, चोपण झाल्या. तेथे मे महिन्यातही पाणी जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर असेल तर ती आनंदाची नव्हे, निचऱ्याच्या चरांची आणि सच्छिद्र पाइपांची सोय करण्याची सूचना आहे. अशा विहिरीत पातळीबरोबर क्षारांचेही परीक्षण करावे. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जातात. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सूट नाही.

पातळीवरून पाण्याचा हिशेब

पातळी मीटरभर चढली म्हणजे जमिनीत मीटरभर पाणी साठले, असा समज सर्रास आढळतो. झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टमधून प्रत्यक्षात हाती येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के असते आणि सरकारी मूल्यांकनात साधारण २ टक्के धरले जाते. जांभ्यासाठी अडीच टक्के धरतात. मे ते ऑक्टोबर पातळी ४ मीटरने चढली असे मानू. एका हेक्टरखाली साठलेले पाणी ४ गुणिले ०.०२ गुणिले १०,००० म्हणजे ८०० घनमीटर, अर्थात ८ लाख लिटर होते. आकडा मोठा वाटतो, पण हेक्टरभर पसरला तर ती ८० मिलिमीटरची चादर आहे. उसाच्या पिकाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. नदीवरून उपसा नसलेल्या शिवारात विहिरीच्या भरवशावर उसाची लागण वाढवताना हा हिशेब कागदावर एकदा मांडावा.

जेथे विहीरच नाही आणि वाडी झऱ्यावर जगते, तेथे बादली आणि घड्याळ पुरते. झऱ्याचे सर्व पाणी एका पन्हाळीतून बादलीत घ्यावे आणि १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी काढावी. ४० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर पाणी मिळते. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या मापाने ते सुमारे ३९० माणसांना पुरते, मात्र रात्रीची धार साठवायला टाकी असेल तरच. हीच मोजणी ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या त्याच तारखेला केली की झरा कोणत्या आठवड्यात वस्तीच्या गरजेखाली जातो ते दिसते, आणि टँकरची मागणी कोणत्या महिन्यापासून करायची हे ग्रामसभेत आकड्यानिशी मांडता येते.

आपली नोंद आणि सरकारी नोंद अगदीच विरुद्ध दिशेला जाऊ लागली तर घाईने कोणावर अविश्वास दाखवू नये. प्रथम आपली खूण आणि कठड्याची वजावट तपासावी, नंतर उपशाची वेळ, त्यानंतर बंधाऱ्याचे बरगे केव्हा घातले किंवा काढले ते, आणि मग निरीक्षण विहिरीपाशी स्वतः जाऊन पाहावे. सरकारी निरीक्षण विहिरीशेजारी नवे शेततळे झालेले असते, कधी ती विहीर बुजून जवळचीच दुसरी विहीर मोजली जात असते. हे सर्व पाहूनही मेळ बसला नाही तर वहीची छायाप्रत जोडून जिल्हा कार्यालयाला कळवावे आणि पुढच्या मोजणीच्या दिवशी त्यांच्या माणसाबरोबर दोन्ही विहिरी एकाच सकाळी, एकाच टेपने मोजण्याची विनंती करावी.